बर्ट केनेडीचे खलनायक

बर्ट केनेडीने लिहिलेल्या चांगल्या वेस्टर्नपटांत नायकापेक्षा खलनायक जास्त बोलतो, जास्त हसतो आणि बऱ्याचदा जास्त आवडूनही जातो. नायक घुम्यासारखा घोड्यावर बसलेला असतो. तो कोणाच्या मागावर आहे, त्याच्या मनात काय सलते आहे, हे आपल्याला कळते तेही पुष्कळदा खलनायकाच्या तोंडून. 1950च्या दशकात हॉलिवूडने वेस्टर्नपटांचा रतीबच घातला होता, पण त्या ढिगाऱ्यात ही उलटापालट फार थोड्या ठिकाणी सापडते. केनेडीबद्दल लिहिताना त्याच्या कारकिर्दीचे सहसा दोन तुकडे केले जातात: आधीचा उत्तम पटकथाकार आणि नंतरचा बेताचा दिग्दर्शक. ही वाटणी खोटी नाही. मात्र दुसरा तुकडा फिका का पडला, या प्रश्नाची बोळवण ‘लिहिणे वेगळे आणि दिग्दर्शन वेगळे’ एवढ्या वाक्यावर होते. माझ्या मते खरे उत्तर त्या खलनायकापाशी आहे. नायकाच्या समोर बसून बोलणारा शत्रू हे केनेडीचे भांडवल होते. तो शत्रू जिथे टिकला तिथे चित्रपटही टिकला. मोठा तारा, मोठा खर्च आणि दिग्दर्शकाची खुर्ची यांच्या गर्दीत तो जिथे हरवला, तिथे उरले ते फक्त घोडे आणि धूळ.

केनेडीचा जन्म 3 सप्टेंबर 1922 रोजी मिशिगन राज्यातल्या मस्कीगन या गावी झाला. आईवडील वॉडेव्हिल रंगभूमीवरचे नर्तक. त्यामुळे लहानपणीच तो त्यांच्याबरोबर रंगमंचावर उभा राहू लागला. दुसऱ्या महायुद्धात तो पॅसिफिक आघाडीवर फर्स्ट कॅव्हलरी डिव्हिजनमध्ये लढला, जखमी झाला आणि शौर्यपदके घेऊन परतला. युद्धानंतर त्याने रेडिओसाठी लेखन केले आणि पुढे जॉन वेनच्या बॅटजॅक या निर्मितीसंस्थेत लेखक म्हणून नोकरी धरली. तिथे त्याने ‘सेव्हन मेन फ्रॉम नाऊ’ ही पटकथा लिहिली. वेन त्या वेळी जॉन फोर्डच्या ‘द सर्चर्स’मध्ये गुंतला होता, म्हणून भूमिका गेली रँडॉल्फ स्कॉटकडे. दिग्दर्शनासाठी आला बड बेटिकर, तारुण्यात मेक्सिकोत बैलझुंजीचे शिक्षण घेतलेला माणूस. चित्रपट 1956 साली लागला. वेनला त्या वेळी सवड असती तर पुढचे काय झाले असते याचा तर्क करण्यात अर्थ नाही, पण वेन नव्हता ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

चित्रपटाची सुरुवात पाहा. रात्र, धो धो पाऊस, खडकाच्या आडोशाला शेकोटी आणि तिच्याशी बसलेले दोघे जण. अंधारातून एक उंच माणूस पायी येतो. घोड्याचे काय झाले असे विचारल्यावर सांगतो की चिरिकाहुआ अपाचींनी तो घेतला आणि खाल्ला. त्याला कॉफी मिळते. गप्पा सुरू होतात पावसाच्या, रस्त्याच्या, सिल्व्हर स्प्रिंग्ज गावात झालेल्या एका खुनाच्या. प्रत्येक वाक्य साधे आहे, आवाज कोणाचाच चढलेला नाही, तरी दोघांपैकी एकाचा चेहरा हळूहळू बदलत जातो. खुनी सापडले का, असे तो विचारतो. दोन सापडले, अशा अर्थाचे उत्तर येते. नंतर कॅमेरा बाहेरच्या पावसात जातो आणि गोळ्यांचे आवाज ऐकू येतात. बेन स्ट्राइड नावाच्या माजी शेरीफची बायको दरोड्यात मारली गेली आहे आणि तो सात जणांना शोधत निघाला आहे, हे पुढे कळते. ती दरोड्याच्या जागी नोकरी करत होती, कारण निवडणूक हरल्यावर नवऱ्याने मानापोटी हाताखालची जागा नाकारली होती. म्हणजे सुडाच्या आड अपराधीपणा आहे, आणि स्ट्राइड त्याबद्दल स्वतःहून बोलणार नाही.

बोलतो तो ली मार्व्हिनने रंगवलेला मास्टर्स. त्याचे भांडण स्ट्राइडशी नाही, लुटलेल्या सोन्याशी आहे. सूड संपला की सोने आपले, असा त्याचा उघड हिशोब असल्यामुळे तो स्ट्राइडबरोबर प्रवास करतो. वाटेत ग्रीअर नावाचे जोडपे आपली छकडागाडी घेऊन चालले आहे. एका पावसाळी रात्री त्या गाडीच्या ताडपत्रीखाली चौघे अंग चोरून कॉफी घेत बसलेले असताना मास्टर्स एक गोष्ट सांगू लागतो: एक देखणी बाई, तिचा मवाळ नवरा आणि तिला घेऊन गेलेला परका पुरुष. नाव तो कोणाचेच घेत नाही, तरी गाडीतल्या प्रत्येकाला आपापला वाटा कळतो. नवऱ्याचा भ्याडपणा, बायकोची ओढ आणि स्ट्राइडची कोंडी, तिन्ही गोष्टी त्या एका गोष्टीत उघड्या पडतात. स्ट्राइड त्याला बाहेर हाकलतो. या प्रसंगात बंदूक निघत नाही, पण चित्रपटातला सगळ्यात हिंसक प्रसंग हाच आहे. शेवटी दोघे समोरासमोर येतात तेव्हा जखमी स्ट्राइडच्या हाती रायफल आहे आणि मास्टर्स पिस्तूल काढण्यात तरबेज आहे. स्ट्राइडने नेम कधी धरला हे दाखवलेच जात नाही. दिसतो तो मास्टर्सचा चकित चेहरा. आपण हरलो यावर त्याचा विश्वास बसत नाही, आणि खरे तर आपलाही बसत नाही. आंद्रे बाझँसारख्या फ्रेंच समीक्षकाने 1957 साली ‘काये द्यू सिनेमा’मध्ये या जेमतेम 78 मिनिटांच्या चित्रपटाला आदर्श वेस्टर्न म्हणून उचलून धरले, ते उगाच नाही.

या यशानंतर स्कॉट, निर्माता हॅरी जो ब्राउन आणि बेटिकर यांनी कोलंबियासाठी जी चित्रपटमाला केली, ती रँडॉल्फ आणि ब्राउन ही नावे जोडून ‘रॅनाऊन’ म्हणून ओळखली जाते. त्यातल्या ‘द टॉल टी’ (1957), ‘राइड लोनसम’ (1959) आणि ‘कोमांची स्टेशन’ (1960) या तीन चित्रपटांच्या पटकथा केनेडीच्या नावावर आहेत. तिन्हींचा साचा जवळपास एक: चारपाच माणसे, एक बाई, काही घोडे आणि कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी लोन पाइन गावाजवळचे गोलसर खडक. पैसा कमी, चित्रीकरणाचे दिवस त्याहून कमी. अशा वेळी लेखकाला फुकट मिळते ती एकच गोष्ट, माणसांचे बोलणे. केनेडीने या अडचणीतून कथेची युक्ती काढली. नायक आणि खलनायक दोघांनाही सध्या एकमेकांची गरज आहे. अमुक ठिकाणी पोहोचल्यावर ती संपणार आणि मग दोघांपैकी एक मरणार, हे दोघांना ठाऊक आहे आणि ते एकमेकांना तसे सांगतातही. गोळीबार असा पुढे ढकलला की मधला सगळा वेळ ओळखीला मिळतो. ओळख वाढली की आवड वाढते, आणि आवडत्या माणसाला मारावे लागणार म्हणून ताणही वाढतो. म्हणून या चित्रपटांतले संवाद तोंडी लावण्यापुरते नाहीत. कथानक त्यांच्यातच घडते.

‘द टॉल टी’मधला अशर हा या युक्तीचा सर्वोत्तम नमुना. रिचर्ड बूनने केलेला हा दरोडेखोर तसा निर्घृण आहे. त्याच्या टोळीने टपालगाडीच्या ठाण्यावरचा बाप आणि त्याचा लहान मुलगा मारून विहिरीत टाकले आहेत, आणि त्याच पोरासाठी नायक ब्रेननने गावातून गोळ्यांचा खाऊ आणलेला आहे. इतके झाल्यावरही अशर ब्रेननला लगेच मारत नाही. त्याला आपल्या दोन उथळ साथीदारांचा कंटाळा आला आहे; बरोबरीच्या कोणाशी तरी बोलावे, आपलीही थोडी जमीन असावी हे सांगावे, अशी भूक त्याला आहे. ओलीस धरलेल्या बाईचा नवरा स्वतःच्या जिवासाठी तिच्या खंडणीचा सौदा करतो, तेव्हा त्याला गोळी घालण्याचा हुकूम अशरच देतो, आणि तो देताना त्याला वाटणारी किळस खरी आहे. शेवटी ब्रेनन त्याला पाठमोरा जाऊ देतो. अशर थोडे अंतर जातो, मग वळतो, रायफल काढतो आणि मरतो. पळून जाणे शक्य असताना तो का वळला, याचे उत्तर चित्रपट देत नाही. ‘राइड लोनसम’मध्ये पर्नेल रॉबर्ट्सचा बून तर आणखी पुढचा. त्याला माफी हवी आहे आणि साध्या शेतीवाडीचे आयुष्य हवे आहे. आपला मंद सोबती व्हिट याला तो त्या शेतात निम्मा भागीदार करणार असल्याचे सांगतो. व्हिट गोंधळून कारण विचारतो, तर उत्तर मिळते की तू मला आवडतोस म्हणून. इतक्या वर्षांत हे आपल्याला माहीतच नव्हते, असे व्हिट म्हणतो. ही भूमिका जेम्स कोबर्नची, आणि त्याचा हा पहिलाच चित्रपट. या बूनला मारण्याची केनेडीला हिंमत झाली नाही, किंवा गरज वाटली नाही. नायक ज्या कैद्याला आमिष म्हणून फिरवत होता, तो कैदी अखेरीस बूनच्या हवाली करतो आणि मग एकटा उभा राहून ज्या झाडाला त्याच्या बायकोला फाशी दिली होती ते झाड जाळतो.

यावर पहिली हरकत ठरलेली आहे: हे श्रेय केनेडीचे नसून बेटिकरचे आहे. दिग्दर्शक हाच चित्रपटाचा कर्ता मानणाऱ्या समीक्षेने 1960च्या दशकात बेटिकरला मानाच्या पंगतीला बसवले. जिम किट्सेसच्या 1969 सालच्या वेस्टर्नविषयीच्या पुस्तकात तर अँथनी मान आणि सॅम पेकिन्पा यांच्या जोडीला तिसरा दिग्दर्शक आहे तो बेटिकरच. या हरकतीत तथ्य आहे. गाडीतल्या त्या प्रसंगातली दाटी, द्वंद्वातला तो गाळलेला क्षण, उघड्या माळावर स्वारांना बरोबर जागी ठेवण्याची नजर ही बेटिकरची कमाई. शिवाय केनेडीने अशाच घाटणीची ‘सिक्स ब्लॅक हॉर्सेस’ (1962) ही पटकथा दिली, तिच्यात डॅन ड्युरियासारखा गोडबोल्या बंदूकबाज होता, आणि तरीही हॅरी केलरच्या हातून चित्रपट सामान्यच निघाला. म्हणजे बोलका खलनायक पुरेसा नाही, हे कबूल. पण तो आवश्यक होता याचा पुरावा बेटिकरच्याच बाजूने मिळतो. त्याच काळात, त्याच स्कॉटला घेऊन त्याने केनेडीशिवाय केलेला ‘वेस्टबाउंड’ (1959) कोणाच्याही नावावर खपून जाईल असा आहे. पुढे 1969 साली बेटिकरने स्वतः लिहून ‘अ टाइम फॉर डाइंग’ केला, त्यात दृश्ये आहेत, विक्षिप्त माणसे आहेत, पण दोन माणसे एकमेकांना जोखत आहेत असे कुठेच वाटत नाही. दुसरी हरकत बारीक आहे: अशर मुळात एल्मोर लेनर्डच्या ‘द कॅप्टिव्ह्ज’ या कथेतला, केनेडीचा नव्हे. खरे आहे. पण मास्टर्स त्याच्या आधी लिहिला गेला, आणि बून किंवा ‘कोमांची स्टेशन’मधला लेन यांना लेनर्डचा आधार नाही. केनेडीने लेनर्डमध्ये आपल्या जातीचे पात्र ओळखले, एवढेच म्हणता येते.

हॉलिवूडमध्ये पटकथाकाराला सेटवर काडीची किंमत नसते, तेव्हा केनेडीने दिग्दर्शक व्हायचे ठरवले यात नवल नाही. लिटल बिगहॉर्नच्या लढाईनंतर कॅनडात शिरलेल्या सू लोकांवरचा त्याचा पहिला चित्रपट ‘द कॅनेडियन्स’ (1961) आपटला. मग त्याने दूरचित्रवाणीच्या मालिकांत हात साफ केला. ‘कॉम्बॅट’ ही युद्धमालिका त्यातली महत्त्वाची. तिथून परतल्यावर केलेल्या ‘द राउंडर्स’ (1965) या चित्रपटाकडे माझ्या म्हणण्याविरुद्धचा पुरावा म्हणून बोट दाखवता येईल, कारण लेखन-दिग्दर्शन दोन्ही केनेडीचे, खलनायक म्हणावा असा कोणी नाही आणि तरी चित्रपट झकास आहे. ग्लेन फोर्ड आणि हेन्री फोंडा हे दोन पोक्त काउबॉय दर हंगामात नोकरी सोडायची भाषा करतात आणि दर हंगामात मालकाच्या गोड बोलण्याला भुलतात. पण नीट पाहिले तर शत्रू इथेही आहे, तो चार पायांचा आहे इतकेच. एक ताठर रोन घोडा, जो कोणालाच पाठीवर टिकू देत नाही. त्याला विकून खाटकाकडे धाडायच्या गोष्टी फोर्ड सतत करतो आणि प्रत्यक्षात त्याच्याशी वाद घालत बसतो. केनेडीची जुनी जोडी, तिची विनोदी आवृत्ती.

दोन वर्षांनी त्याने ई. एल. डॉक्टरोवच्या पहिल्या कादंबरीवरून ‘वेलकम टू हार्ड टाइम्स’ (1967) लिहिला आणि दिग्दर्शित केला. इथे गाव जाळणारा, बायकांवर अत्याचार करणारा ‘बोडीचा माणूस’ ॲल्डो रेने केला आहे. त्याला नाव नाही आणि बोलणेही जवळपास नाही. कादंबरीत हे चालून जाते, कारण तिथे सगळी कथा गावाच्या हिशोबवहीत लिहिणाऱ्या ब्लूच्या मनातून येते आणि तो माणूस जणू दुष्काळ किंवा साथ असल्यासारखा येतो आणि जातो. पडद्यावर ते निवेदन गेले, आणि खलनायकाला तोंड नसल्यामुळे नायकाचा भ्याडपणा उकलणारे कोणीच उरले नाही. एरवी केनेडीने हेच काम खलनायकाकडून करून घेतले असते. उलट त्याच वर्षीच्या ‘द वॉर वॅगन’कडे पाहावे. पटकथा क्लेअर हफकरची, तोफगाडीवरच्या दरोड्याचे कथानक यंत्रासारखे. पण वेनला मारण्यासाठी ज्याला सुपारी मिळालेली आहे असा कर्क डग्लस त्याचाच भागीदार होतो, आणि दोघे असतात तोवर चित्रपट उड्या मारतो. एकाच वेळी दोन माणसे टिपल्यावर माझा आधी पडला असे एकाने म्हणावे आणि माझा उंच होता असे दुसऱ्याने, ही त्यांची तऱ्हा. ‘सपोर्ट युअर लोकल शेरीफ’ (1969) विल्यम बॉवर्सने लिहिला, आणि दिग्दर्शक केनेडीचे सर्वांत निखळ यश तेच. तुरुंगाला अजून गजच बसलेले नाहीत. जेम्स गार्नरचा शेरीफ जमिनीवर खडूने रेघ ओढतो, पलीकडे लाल रंगाचे चार थेंब शिंपडतो आणि ब्रूस डर्नचा अर्धवट गुंड त्या अदृश्य गजांमागे बसून राहतो. दोघांच्या बोलण्यावरच सगळा खेळ.

तरीही ‘हॅनी कॉल्डर’ (1971) विचारात घ्यायलाच हवा, कारण त्यातले तीन भाऊ अखंड बडबडतात आणि चित्रपट मात्र डळमळतो. टोपणनावाने आलेल्या त्या पटकथेत बलात्कार आणि खून करणारे हे भाऊ आपसात विदूषकासारखे भांडत राहतात. ज्या बाईचे आयुष्य त्यांनी उद्ध्वस्त केले, तिच्याशी त्यांचे बोलणे होतच नाही. केनेडीच्या खलनायकाचे मोल त्याने किती शब्द उच्चारले यात नव्हते. तो नायकाला उद्देशून बोले आणि नायकाला ते ऐकून घ्यावे लागे, यात ते होते. हॅनीला ऐकून घ्यावे लागत नाही, फक्त गोळ्या घालाव्या लागतात.

सर्वांत स्पष्ट तुलना ‘द ट्रेन रॉबर्स’ (1973) देतो. निर्मिती पुन्हा बॅटजॅकची, पटकथा पुन्हा केनेडीची, आणि कॅमेऱ्यामागे पुन्हा विल्यम क्लोदियर, ज्याने 17 वर्षांपूर्वी ‘सेव्हन मेन फ्रॉम नाऊ’चे छायालेखन केले होते. पात्रांची नावेसुद्धा ‘कोमांची स्टेशन’मधून उचललेली: तिथे बाई मिसेस लो आणि खलनायक लेन, इथे बाई मिसेस लो आणि लेन चक्क नायक, जॉन वेन. दोन्हींच्या शेवटी नवऱ्याबद्दलचा धक्का आहे. जुन्या चित्रपटात बायकोला शोधायला नवरा स्वतः का आला नाही, असा टोमणा सगळे मारत राहतात आणि अखेरीस तो आंधळा असल्याचे दिसते. नव्यात ती विधवाच नव्हती, त्या माणसाचे कधी लग्नच झाले नव्हते, असे कळते. पहिला धक्का मागच्या सगळ्या बोलण्याला लाजवतो. दुसरा हसवतो आणि विसरला जातो. मेक्सिकोतल्या दुरांगोची वाळू क्लोदियरने डोळ्यांचे पारणे फिटावे अशी टिपली आहे. पण वेनच्या टोळीमागे जे वीसएक स्वार दौडत येतात त्यांच्यातल्या एकालाही चेहरा नाही, नाव नाही, तोंडी एक वाक्य नाही. सोबत्यांच्या शेकोटीभोवतीच्या गप्पा केनेडीच्याच आहेत, चांगल्याही आहेत, पण सगळे एकाच बाजूचे असल्यामुळे त्या गप्पांतून काही पणाला लागत नाही.

काळच बदलला होता, वेस्टर्नची सद्दी संपली होती, हा बचाव मला पटत नाही. पेकिन्पाचा ‘द वाइल्ड बंच’ 1969चा आहे, आणि केनेडीचा स्वतःचा शेरीफही त्याच वर्षीचा. फरक पडला तो नायकाच्या आकाराने. 1898 साली जन्मलेला स्कॉट 1956 साली साठीला टेकला होता, गाठीशी पैसा होता आणि मार्व्हिन, बून, कोबर्न यांना पडदा भरून टाकू देण्यात त्याला कमीपणा वाटत नव्हता. समोरच्याचे बोलणे तो नुसते ऐकतो, आणि ते ऐकणे हाच त्याचा अभिनय. 1973 सालच्या वेनसमोर कोण बोलणार? डग्लससारखा तुल्यबळ तारा असेल तर गोष्ट वेगळी. केनेडी निव्वळ लेखक असताना ताऱ्याला सांभाळण्याची चिंता दुसऱ्याची होती; दिग्दर्शक झाल्यावर ती त्याची झाली, आणि ताऱ्याला जागा करून देताना त्याने आपल्याच सर्वोत्तम पात्राची जागा दिली. त्याला पुढे कामाची ददात पडली नाही. तो दूरचित्रवाणीसाठी चित्रपट करत राहिला, क्लिंट ईस्टवुडच्या ‘व्हाइट हंटर, ब्लॅक हार्ट’च्या (1990) पटकथेवर सहलेखक म्हणून त्याचे नाव आहे, आणि 15 फेब्रुवारी 2001 रोजी कॅलिफोर्नियात त्याचे निधन झाले.

त्याचे नाव वेनच्या चित्रपटांमुळे माहीत असलेल्यांनी एकदा ‘राइड लोनसम’ पाहावा. 73 मिनिटांचा आहे. त्यात स्कॉटकडे कमी आणि पर्नेल रॉबर्ट्सकडे जास्त लक्ष द्यावे.